परदेशी मुलांकडे जाताना : व्हिसाच्या चार गोष्टी

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त डिसेंबर २०२५ मध्ये गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत चाळीस वर्षांच्या आसपास काढल्यामुळे मुदत पाळायची सवय आहे, पण निवृत्त माणसाच्या हातात माईक दिला की काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा सचिवांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं.

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा या इमारतीत कोण होतं? जिल्हा परिषदेचे गुरुजी, एसटीतले दोघे-तिघे, भातसा प्रकल्पावरचे कर्मचारी, आणि माझ्यासारखे बँकवाले. मुलं शहापूरच्या शाळेत जायची आणि कॉलेजसाठी आसनगावहून लोकल पकडायची. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दुबईला गेलेला कुणाचा तरी भाचा यायचा. पंचवीस वर्षांत काय झालं ते आपण पाहतोच आहोत. कुणाची लेक अमेरिकेत, कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाचे जावई जर्मनीत. रविवारी संध्याकाळी जिन्यातून वर जावं तर प्रत्येक दारातून व्हिडिओ कॉलचा आवाज येतो, ‘आजोबा, दिसताय का?’

आणि मग तिकडून बोलावणं येतं. ‘आईबाबा, या ना दोन-तीन महिने.’ तिथून पुढे जो गोंधळ सुरू होतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

पण सुरुवातीला एक कबुली द्यायची आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात आमच्या घरून सगळ्या मजल्यांवर डिंकाचे लाडू वाटले गेले होते. काही जणांना आठवत असेल. गुरुजींनी तर ‘काय विशेष?’ म्हणून विचारलंही होतं. मी सांगितलं होतं की विमानाची तिकिटं फार महाग झाली आहेत, म्हणून जाणं पुढे ढकललं. ते खोटं होतं. आमचा व्हिसा नाकारला गेला होता. लेकीच्या बाळंतपणासाठी सौ.नी केलेले ते लाडू होते.

आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, कारण त्यानंतर आपल्याच सोसायटीतली आणखी दोन-तीन घरं गुपचूप याच रस्त्याने गेली असं माझ्या कानावर आलं. माणूस घरफोडी झाली तर सांगतो, पण व्हिसा नाकारला तर सांगत नाही. आपल्याला तो अपमान वाटतो. लपवल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला कळत नाही, आणि दुसरा तीच चूक पुन्हा करतो.

तर झालं असं. लेक-जावई युरोपातल्या एका देशात. देशाचं नाव घेत नाही, कारण चूक त्या देशाची नव्हती, माझी होती. लेकीची तारीख डिसेंबरची. आम्ही एका एजंटाकडे गेलो. माणूस बोलायला गोड. म्हणाला, ‘काका, मुलगी तिथे आहे हे लिहूच नका. त्यांना वाटेल हे तिथेच राहतील. आपण पर्यटन लिहू. हॉटेलची बुकिंग मी देतो, नंतर रद्द करू.’ आणि दुसरं म्हणाला, ‘सेव्हिंग खात्यात शिल्लक कमी दिसते. एफडी मोडून चार-पाच लाख टाका.’

आता बघा. मुरबाड, किन्हवली, शहापूर अशा शाखांमधून मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली. अर्ज करायच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आली, की मी पहिला प्रश्न विचारायचो, ‘हे पैसे कुठून आले?’ उत्तर नीट आलं नाही तर प्रकरण बाजूला ठेवायचो. तोच मी, एजंटाने सांगितलं म्हणून एफडी मोडून पैसे टाकले आणि कोऱ्यासारख्या अर्जावर सही केली. त्या वेळी व्हिसाची फी ६० युरो होती. दोघांची फी भरली, बोटांचे ठसे दिले, आणि घरी येऊन सौ.ना म्हटलं, ‘डिंक आणायला हरकत नाही.’

दहा-बारा दिवसांनी पासपोर्ट परत आले. आत एक छापील कागद होता. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या कारणापुढे खूण करतात. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. एक, प्रवासाचा उद्देश पटण्यासारखा नाही. दुसरी, व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याची खात्री करता आली नाही.

ती दुसरी ओळ मला फार लागली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेलं, तो परत येणार नाही? सौ. मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांना काय माहीत आपण कोण? तुम्ही त्यांना सांगितलंत कुठे?’

मंडळी, माझ्या आजच्या भाषणाचं सार या एका वाक्यात आहे. समोरच्या अधिकाऱ्याला आपण कोण हे माहीत नाही. ते त्याला आपल्या कागदांवरून कळतं. आणि कागद खोटं बोलत असतील, तर आपण कितीही खरे असलो तरी उपयोग नाही.

व्हिसा देणारा अधिकारी आणि कर्ज देणारा अधिकारी यांच्यात फारसा फरक नाही. कर्ज देताना आम्ही तीन गोष्टी बघायचो. पैसे कशाला हवेत, फेडणार कशातून, आणि फेडायची नियत आहे का. व्हिसाचेही तीनच प्रश्न आहेत. कशाला जाताय? खर्च कोण करणार? आणि परत का येणार? जगातल्या कुठल्याही देशाचा अर्ज घ्या, पानं कितीही असोत, सगळे प्रश्न फिरून या तिघांवर येतात. त्यामुळे फाईल लावतानाच तीन भाग करा आणि प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देणारे कागद त्या त्या भागात ठेवा.

पण व्हिसाच्या आधी पासपोर्ट, आणि पासपोर्टाच्या आधी आपलं नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे खरी अडचण इथेच असते, म्हणून आधी ते सांगतो.

आपल्या पिढीत निम्मा तालुका १ जूनला जन्मलेला आहे. हसू नका, दाखले काढून बघा. आईवडिलांना तारीख माहीत नसायची, शाळेत नाव घालताना मास्तर १ जून लिहून टाकायचे. सौ.चं माहेर धसईकडचं. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, आधार कार्डावर १ जानेवारी, आणि जुन्या मतदार कार्डावर नुसतं वय. नावाचंही तसंच. दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकावर त्याच सासरच्या नावाचं तिसरंच इंग्रजी स्पेलिंग. माणूस एक, पण कागदावर तीन बायका!

२०१६ मध्ये आम्ही हे निस्तरायला बसलो. एक कागद पाया म्हणून धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यायचे, असं ठरवलं. आम्ही शाळेचा दाखला धरला. आधी आधारवरची तारीख दुरुस्त केली. लक्षात ठेवा, आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे विचार करून बदला. मग माहेरचं आणि सासरचं नाव जोडायला लग्नाचा दाखला हवा. आमचं लग्न १९७९ चं, गावी मांडवात झालेलं. नोंदणी कोण करतंय तेव्हा! सदतीस वर्षांनी लग्नाची नोंदणी करायला गेलो. पत्रिका मागितली. ती सौ.च्या ट्रंकेत, शालूच्या घडीत सापडली. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच गेलेले, त्यामुळे प्रतिज्ञापत्र करावं लागलं. साक्षीदार म्हणून माझा मेहुणा आला आणि म्हणाला, ‘भाऊजी, अजून विचार बदलायला वेळ आहे.’

ग्रामीण भागात विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे होते, शहरात नगरपालिकेकडे. ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी या महिन्यात करून घ्यावी. परदेशात जायचं नसलं तरी करावी. पेन्शनलाही लागते, वारसालाही लागते. बँकवाला म्हणून सांगतो, हा कागद नसल्यामुळे किती विधवा भगिनी काउंटरवर रडताना मी पाहिल्या आहेत.

पासपोर्टासाठी आपलं केंद्र ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. आसनगावहून लोकल सरळ आहे. मुरबाडकडच्या पाहुण्यांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं, त्यांनी सकाळची लवकरची वेळ घेऊ नये. नंतर पोलीस पडताळणी होते, तेव्हा घरी राहावं. आणि हातात आलेला पासपोर्ट तिथल्या तिथे वाचावा. नाव, तारीख, जोडीदाराचं नाव. चूक पुढे गेली की ती तिकिटावर जाते, विम्यावर जाते, व्हिसावर जाते.

आता देशादेशांकडे वळू.

युरोपातले २९ देश मिळून एक शेंगेन व्हिसा देतात. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड हे सगळे त्यात आले. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. ‘अमुक देश लवकर देतो’ म्हणून तिथला व्हिसा काढायचा आणि राहायचं भलतीकडेच, हे करू नका. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

विम्याबद्दल एक वाक्य जास्तीचं बोलतो. व्हिसापुरता स्वस्तातला विमा मिळतो, पण आपल्या वयात बीपी, शुगर, हृदय यातलं काहीतरी असतंच. आधीपासूनच्या आजाराला तो विमा लागू आहे का, हे वाचा. आजार लपवून घेतलेला विमा म्हणजे छत्री घरी ठेवून पावसात जाणं.

शेंगेनमध्ये राहायची मर्यादा आहे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. उतरलो तो दिवस आणि निघालो तो दिवस, दोन्ही मोजायचे. तीन महिने म्हणजे ९० दिवस असं धरू नका. मे, जून, जुलै हे तीन महिने ९२ दिवसांचे होतात! ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. म्हणजे एक दिवस जास्त झाला तरी तो आपोआप दिसणार.

मुलांकडे राहणार असू तर त्यांचं निमंत्रणपत्र लागतं. जर्मनीसारख्या देशात मुलगा किंवा जावई तिथल्या परकीय नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, ‘यांचा खर्च मी करीन’ अशी रीतसर हमी देऊ शकतो. बँकेच्या भाषेत तो आपला जामीनदार. पण ध्यानात घ्या, जामीनदार चांगला म्हणून कर्जदार चांगला ठरत नाही. खर्चाचा प्रश्न हमीने सुटतो. परत का येणार, हा प्रश्न आपला आपल्यालाच सोडवावा लागतो.

अमेरिकेची पद्धत वेगळी. तिथे कागदांपेक्षा मुलाखत मोठी. आधी संगणकावर डीएस-१६० नावाचा फॉर्म भरायचा, फी १८५ डॉलर, मग एक दिवस ठसे आणि फोटो, आणि दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. आपल्याकडून जायचं तर कुर्ल्याला उतरून रिक्षा. पूर्वी ऐंशीच्या वरच्यांना मुलाखत माफ असायची. सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत साधारणपणे बंद झाली आहे, त्यामुळे आजी-आजोबांनीही तयारी ठेवावी.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. आपण जाडजूड फाईल घेऊन जातो आणि अधिकारी ती उघडतही नाही. मग बाहेर येऊन आपण म्हणतो, काही बघितलंच नाही! अहो, त्याने फॉर्म आधीच वाचलेला असतो. आणि अमेरिकेच्या कायद्यातच असं धरलेलं आहे की समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. कलम २१४-ब म्हणतात ते हेच. त्यामुळे नकार मिळाला तर तो आपल्या चारित्र्यावरचा डाग नाही. ‘पटलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. परिस्थितीत काही फरक पडला असेल, किंवा आधी नीट सांगता आलं नसेल, तर पुन्हा अर्ज करता येतो.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मुंबईच्या वकिलातीत मराठीत मुलाखत मागता येते. तोडक्या इंग्रजीत चुकीचं सांगण्यापेक्षा मराठीत बरोबर सांगावं. मुलगा कुठल्या गावात राहतो, कुठल्या कंपनीत काय काम करतो, आपण किती दिवस राहणार, एवढं आईलाही माहीत हवं. ‘ते ह्यांना माहीत आहे’ असं तिथे चालत नाही. विचारलं तेवढंच सांगावं, आणि पाठ केल्यासारखं सांगू नये.

इंग्लंडचा साधा व्हिजिटर व्हिसा एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. तिथे बहुतेक वेळा मुलाखत नसते, निर्णय कागदांवरूनच होतो. म्हणून खात्यात पैसे कसे आले, कुठून आले, हे स्वच्छ दिसलं पाहिजे. कॅनडात ज्यांची मुलं नागरिक किंवा कायम रहिवासी आहेत, त्यांच्या आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. दोन महिन्यांसाठीच जायचं असेल तर साधा व्हिसा पुरतो.

एक गैरसमज सगळ्याच देशांबाबत असतो, तो आज काढून टाकू. व्हिसाची मुदत वेगळी आणि राहायची मुदत वेगळी. अमेरिकेचा व्हिसा आपल्याला बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो. याचा अर्थ दहा वर्षं राहता येईल असा नाही. दहा वर्षं दारात जाऊन बेल वाजवता येईल, एवढाच. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि त्याची नोंद आय-९४ या नावाने संगणकावर असते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलांना ती काढून द्यायला सांगा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेंगेनच्या व्हिसावरही ‘पासून-पर्यंत’ या तारखा वेगळ्या आणि दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो. आकडा पाळायचा.

आता एजंटांविषयी. सगळेच वाईट नसतात. फॉर्म भरायला, वेळ घ्यायला मदत जरूर घ्या. पण ‘व्हिसा नक्की मिळवून देतो’ असं जो म्हणेल, त्याच्या दुकानातून उठून या. तो निर्णय त्याच्या हातातच नसतो. आणि खोटा कागद जोडायला जो सांगेल, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका. फसवणूक सापडली तर इंग्लंड दहा वर्षं बंदी घालू शकतं, अमेरिका कायमची. फॉर्मखाली सही एजंटाची नसते, आपली असते. आधी नाकारला गेलेला व्हिसासुद्धा विचारला तर खरा सांगायचा. ठसे घेतलेले आहेत, त्यांना सगळं दिसतं. आणि व्हिसा हातात येण्याआधी पक्कं तिकीट काढू नका. अर्जाला नुसतं आरक्षण चालतं.

पेन्शनरांसाठी एक आठवण. नोव्हेंबरात बाहेर असाल तर हयातीचा दाखला विसरू नका. आता मोबाईलवर चेहरा दाखवून डिजिटल दाखला देता येतो. जाण्याआधी इथेच एकदा करून बघा, म्हणजे तिकडे धावपळ होत नाही.

आता आमच्या गोष्टीचा उरलेला भाग.

नात १४ डिसेंबरला झाली. रात्री दोन वाजता जावयांचा फोन आला. सौ.नी मोबाईलच्या पडद्यावर बाळाचा चेहरा पाहिला, लेकीला ‘कान बांध, गार पाण्यात हात घालू नको’ एवढं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत मी पुन्हा अर्ज केला. या वेळी एजंट नाही. टेबलावर कागद मांडले आणि स्वतःचंच कर्जप्रकरण तपासतोय असं समजून बसलो. कशाला जाताय? नातीला बघायला. लेकीचं निमंत्रण, तिच्या घराचा करार, बाळाचा जन्मदाखला. खर्च? जावयांची हमी, आणि शिवाय माझं सहा महिन्यांचं खातं जसं आहे तसं, दर महिन्याला पेन्शन जमा होते ते दिसणारं, मोडलेल्या एफडीच्या पावतीसकट. प्राप्तिकराचे विवरण. आणि परत का येणार?

इथे मी थांबलो. मग लिहायला लागलो. एक पानाचं साधं पत्र लिहिलं. मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे, सोबत सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडला आहे. जुलैत लावणी असते, त्याआधी मला परत यायचं आहे. शहापूरला आमचा फ्लॅट आहे, सोसायटीचा भाग दाखला सोबत आहे. आणि मी या सोसायटीचा खजिनदार आहे. कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिथे हिशेब मला मांडायचे आहेत. आधीचा अर्ज नाकारला गेला होता, त्यात मी मुलगी तिथे असल्याचं लिहिलं नव्हतं, ती माझी चूक होती, हेही लिहिलं.

व्हिसा मिळाला. कशामुळे मिळाला हे कुणी कळवत नाही. पण मला गंमत म्हणून वाटत राहतं की त्या अधिकाऱ्याने मनात म्हटलं असेल, जो माणूस आपल्या सोसायटीच्या हिशेबाची एवढी काळजी करतो, तो येणारच परत!

९ एप्रिल २०१८ ला आम्ही गेलो आणि २७ जूनला परतलो. दोन्ही दिवस धरून ८० दिवस. दुधाचे पदार्थ तिकडे बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून तूप, खवा काही नेलं नाही. सौ.नी डिंक आणि खारीक तेवढी नेली, तूप तिथलं घेतलं, आणि पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी लाडू वळले. चार महिन्यांची नात टुकूटुकू बघत होती. लेक लाडू खाताना रडली. लाडू चार महिने उशिरा पोहोचले होते, आणि त्या चार महिन्यांना जबाबदार मी होतो. तेवढं मात्र कुठल्याही व्हिसाने भरून निघत नाही.

परत आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गेटवर वॉचमनने बॅगा उचलल्या. समोरच्या वहिनींनी आमची तुळस जगवली होती. त्यांनी किल्ली दिली आणि विचारलं, ‘करमलं का हो तिकडे?’ सौ. म्हणाल्या, ‘छान करमलं. पण चपला काढल्यासारखं वाटलं नाही कुठे.’ मला वाटतं, परत का येणार या प्रश्नाचं ते उत्तर माझ्या पत्रापेक्षा चांगलं होतं.

तर बंधू-भगिनींनो, चार गोष्टी घेऊन जा. नाव आणि तारीख सगळ्या कागदांवर एक करा. तीन प्रश्नांची खरी उत्तरं लिहा. राहायचे दिवस मोजा. आणि नकार आला तर लपवू नका, शेजाऱ्याला सांगा. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून मी आज सांगितलेले आकडे अर्जाच्या दिवशी त्या त्या वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासा. मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत बघून देतात.

मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात बसतो. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी फाईल घेऊन यावं. बघून देईन. फी काही नाही. फक्त कागद खरे आणा. आणि जाऊन आलात की तिकडची गोष्ट सांगायला या. लाडू असतील तर तेही चालतील.

सचिव घड्याळ दाखवत आहेत.